थोर विद्वानांना विद्यार्थ्यांपासून कसे वाचवावे

जगप्रसिद्ध विदुषी दोन दिवस तुमच्या महाविद्यालयात येणार असल्याचं पत्र आलंय आणि समन्वयक म्हणून तुमचं नाव लागलंय? अभिनंदन. पत्रात 'पदवीच्या विद्यार्थ्यांशी मुक्त संवाद' असे शब्द असतील. ते वाचायचे आणि पत्र फाइलला लावून टाकायचं.

संवादाचं हे खूळ तसं जुनं आहे. अमेरिकेत फाय बीटा कॅपा नावाची १७७६ सालची विद्वत्संस्था आहे. तिने १९५६ पासून नामवंत अभ्यासकांना कॉलेजांत पाठवायला सुरुवात केली. पाहुण्याने दोन दिवस राहायचं, एक जाहीर व्याख्यान द्यायचं आणि उरलेल्या वेळात वर्गात बसायचं, मुलांशी गप्पा मारायच्या. सगळी गोम या उरलेल्या वेळात आहे. तो उरताच कामा नये.

म्हणून सकाळी प्राचार्यांची भेट ठेवा, मग विभागप्रमुखांची, मग भेटीला न बोलावल्यामुळे रुसलेल्या दुसऱ्या विभागप्रमुखांची. ग्रंथालयाची पाहणी हवीच. तिथे मुलं भेटण्याचा धोका सर्वांत कमी. जेवण देणगीदारांबरोबर. 'विद्यार्थी संवाद' ३.२० ते ३.३५. आधीचं सगळं लांबतंच, त्यामुळे संवाद आपोआप एका ग्रुप फोटोपुरता उरतो.

फोटोसाठी मुलं मात्र निवडून घ्या. प्रश्न आदल्या दिवशी लिहून घ्या, तपासा आणि वाटून टाका. 'आपल्या यशाचं रहस्य काय?' हा संपूर्णपणे निर्विष प्रश्न आहे, तो तिघांना दिला तरी चालतो. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी 'तुमच्या तिसऱ्या प्रकरणातला मुद्दा मला पटला नाही' असं काहीतरी म्हणत फिरत असेल. तिला नोंदणीच्या टेबलावर बसवा. तिने पुस्तक खरोखरच वाचलेलं असतं. (तुम्ही वाचलेलं नसतं, पण तो विषय इथे नको.)

व्याख्यानाला गर्दी हवी, तेव्हा हजेरीचा कागद दाराशी आणि शेवटी फिरवा. सुरुवातीला फिरवलात तर सही करून मुलं पसार होतात. प्रश्नोत्तरांत पहिला माइक ज्येष्ठ प्राध्यापकांकडे द्या. त्यांच्याकडे प्रश्न नसतो, जुना शोधनिबंध असतो, आणि तो संपेपर्यंत सभागृहाची वेळही संपते.

कुणी कुरकुरलंच तर इतिहासाचा दाखला द्या. १९३१ मध्ये आइनस्टाइन ऑक्सफर्डला गेले आणि जर्मन भाषेत व्याख्यान देऊन आले. त्यांनी लिहिलेला फळा तिथल्या संग्रहालयात आजही जपून ठेवलाय. आदर्श श्रोता! शंका विचारत नाही, पुसलाही जात नाही. उलट १९४६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठात, तेच गृहस्थ मानद पदवी घ्यायला गेले. तिथे मुलांना सापेक्षता शिकवली आणि वर वंशभेद हा गोऱ्या लोकांचा रोग आहे असंही सांगून आले. वर्तमानपत्रांनी शहाणपणाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. विद्वान माणूस मुलांत मोकळा सोडला की काय बोलेल याचा नेम नसतो.

खरा धोका पाहुण्यांकडूनच असतो, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. सत्काराला दहा मिनिटं उरली असताना बाई 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणतात. अशा वेळी सोबत माणूस द्या. नाही दिलात, तर अर्ध्या तासाने त्या नोंदणीच्या टेबलापाशी सापडतील, समोर तिसरं प्रकरण उघडं, आणि 'थांब, इथे तुझं बरोबर आहे' असं म्हणत त्या समासात काहीतरी खोडत असतील. घड्याळ दाखवा. उपयोग होणार नाही, पण दाखवा. छायाचित्रकाराला मात्र तिकडे फिरकू देऊ नका. त्या फोटोत बाई पुस्तकावर वाकलेल्या दिसतात आणि प्राचार्य कुठेच दिसत नाहीत.