पावणेसहा सूत

चहाच्या पेल्याचा गोल डाग माझ्या नकाशावर अजून आहे, बरोबर खिडकीच्या जागी. घरामागच्या 10 बाय 8च्या खोलीत छोटं सुतारकामाचं वर्कशॉप थाटायचं म्हणून पंधरा दिवस खपून तो काढला होता. डावीकडून उजेड, यंत्रांसाठी 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, मनगटाच्या उंचीचं, म्हणजे माझ्या मापानं 34 इंचांचं टेबल. परवा तो घेऊन बेळगावात खानापूर रोडवरच्या एका वखारीत गेलो.

मालक फोनवर. बाकावर एक मामा. त्यांना काही घ्यायचं नव्हतं, पण विकायचं काय ते तेच ठरवत होते.

"काय करूलालायसा?"

"वर्कशॉप. घरीच."

"मग सुतार कोण?"

"मीच."

मामांनी पेला खाली ठेवला, तो नकाशावर. माझा हात ओढून तळवा उलटसुलट बघितला, बाजारात बैलाचे दात बघावेत तसा.

"बँकेत हायसा?"

"विम्यात."

"तरीच. आन् ह्ये टेबल कशावर ठेवून कापनार?"

टेबल करायला आधी टेबल लागतं, हे माझ्या नकाशात नव्हतं. विषय बदलायला मी मालकांना म्हटलं, "18 मिलिमीटरचा प्लाय दाखवा."

"सुतात सांगा की ओ!" मामाच.

इंचाचे आठ सूत हे मला ठाऊक होतं. पण भरवखारीत भागाकार कुणाला जमलाय? "पावणेसहा?" मी म्हटलं.

"पावणेसहा सूत! ऐकलास काय गा?" त्यांनी हमालाला हाक मारली. "पाऊण इंच म्हना की, सहा सूत!" हमालानं ते टेंपोवाल्याला कानडीत सांगितलं आणि हशा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. 1956 पासून ज्या दोन भाषांचं इथं पटत नाही, त्यांचं माझ्यावर एकमत झालं.

रेसकोर्सकडे पहाटे पळणाऱ्याला कुणी विचारतं का, घोडा आहेस का म्हणून? मग रंधा धरणाऱ्यालाच दाखला का मागतात? गेल्या पावसात आमचं दार फुगून बसलं, तेव्हा तीन सुतारांनी 'उद्या येतो' म्हणून दोन महिने काढले. तेव्हा हे मामा कुठं होते? त्या दोन महिन्यांत मी दाराला खांदा लावून घरात शिरत होतो.

वाईट एवढंच की म्हातारा बरोबर होता. मी निवडलेली फळी त्यांनी गालाला लावली. "गार लागूलालीय. ओली हाय. वाळली की वाकनार." मग ढिगाच्या तळातून जुन्या चौकटीचे दोन तुकडे ओढून काढले. "आदी स्टूल करा. त्येच्यावर बसून टेबलाचा इचार करा."

मी मुकाट्यानं तुकडे घेतले. मालकांनी फोन ठेवला, माझाच नकाशा उलटा केला आणि पाठीवर हिशेब मांडला. वर नाव घातलं : 'स्टूल, बँकवाले.'

मी विम्यात आहे.