लपवता काय, भो?

केळीची बाग रावेरला, ऑफिस जळगावात, आणि आता स्वतःच्या नावाचं डॉट कॉम, म्हणजे वेबसाइटचं नाव (डोमेन), घ्यायचं ठरलंय. झकास. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, ईमेल, मोबाईल मागतील. सढळ हाताने भरा. पत्ता घरचाच द्या. मारुतीच्या देवळामागे, निळं गेट, सगळं लिहा. मोबाईल तोच द्या जो बँकेला आणि व्याह्यांना दिलाय. खाली ही माहिती झाकणारा ‘प्रायव्हसी’ असा एक चौकोन दिसेल. बऱ्याच ठिकाणी तो फुकट असतो, पण फुकटचं घेणं खानदेशी माणसाला शोभत नाही.

लपवायची रीतच नाही आपल्याकडे. लग्नपत्रिकेवर अख्ख्या भाऊबंदकीचे नंबर छापतो आपण, ट्रॉलीच्या फाळक्यावर मालकाचा नंबर रंगवतो. मग ‘हूइज’ला काय घाबरायचं? ती इंटरनेटवरची 1982 पासूनची जाहीर वही, कुठलं डोमेन कोणाचं ते सांगणारी. तेव्हा जाळ्यावर मोजकी मंडळी होती, म्हणून नाव-फोन उघडं ठेवलं. पुढे गर्दी जमली, वही मात्र उघडीच राहिली.

नंबर एकदा त्या वहीत दिसला की करमणुकीची सोय झाली. दुपारी भरीत-भाकर खाऊन डोळा लागतोय तोच फोन: “सर, आपने नया डोमेन लिया है, वेबसाइट बनवानी है?” नाही म्हणेपर्यंत लोगोवाला रांगेत. त्याच्यामागे तुम्हाला गूगलच्या पहिल्या पानावर नेऊन बसवणारा. बायको विचारेल, धंदा एवढा वाढला का? हो म्हणा. मग ईमेल येईल, ‘मुदत संपत आहे, आजच पैसे भरा’, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ‘हे बिल नाही’. चष्मा शोधत बसू नका, भरून टाका.

मध्ये थोडा रसभंग झाला खरा. 25 मे 2018 ला युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा लागू झाला, डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन संस्थेने नियम बदलले आणि बरेच रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्या, पत्ते-फोन आपणहून झाकू लागले. 2025 च्या जानेवारीत हूइजची सक्तीही गेली, त्या जागी आरडॅप ही नोंदी बघायची नवी पद्धत आली. पण खचू नका. माहिती जाहीर करायला संमती देता येते, ती द्या. संस्थेच्या रकान्यातही आपलंच पूर्ण नाव टाका. आणि नाव 2018 च्या आधी घेतलेलं असेल तर बघायलाच नको, जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत.

काही जण फॉर्ममध्ये खोटंच भरतात. तेही करून बघा. ईमेल खरा आहे का हे तपासायला रजिस्ट्रार एक लिंक पाठवतो. 15 दिवसांत ती दाबली नाही की नाव बंद पडू शकतं. ऐन माल निघताना पडलं तर उत्तमच, व्यापाऱ्यांचे फोन तरी कमी येतील.

अगदी पक्की गोपनीयता हवी असेल, तर फॉर्म स्वतः भरूच नका. साईट करणाऱ्या पोराला म्हणा, “तूच घे भो तुझ्या नावावर.” ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा, ओटीपी त्याला. मग जगातल्या कुठल्याच नोंदीत तुम्ही सापडणार नाही, रजिस्ट्रारच्या खासगी नोंदीतसुद्धा नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पोरगा पुण्याला नोकरीला लागलेला असेल, सिमकार्ड बदललेलं असेल. तुम्ही तावातावाने रजिस्ट्रारला फोन लावाल, माझं नाव, माझा धंदा, माझे पैसे, म्हणून सांगाल. पलीकडची मुलगी सगळं शांतपणे ऐकून घेईल आणि विचारेल, “सर, आपण कोण?”