वेल्डिंग इंजिनिअरिंगच्या पदवीबद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

प्रवेशाचे दिवस जवळ आले की पालकांच्या गटांतून एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातले दावे थोडक्यात असे आहेत: वेल्डिंग इंजिनिअरिंगची खरी पदवी जगात फक्त अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मिळते, तिथे जमले नाही तर नावात ‘वेल्डिंग’ असलेला कोणताही अभ्यासक्रम चालतो, तेही नको असेल तर सीडब्ल्यूआयचे, म्हणजे वेल्डिंग निरीक्षकाचे, प्रमाणपत्र घ्यावे, कारण काम तेच असते, आणि अमेरिकेत शिकल्यावर तिथली नोकरी ठरलेलीच. माझी बरीच वर्षे फॅब्रिकेशनच्या धंद्यात गेली असल्याने यातला प्रत्येक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या दाव्यात अर्धे सत्य आहे. बारावीनंतर थेट या विषयाची पदवी देणारी विद्यापीठे खरोखरच मोजकी आहेत, आणि कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेटचा विभाग त्यांतला जुना व नावाजलेला आहे. 1984 पासून त्याच शहरात ईडब्ल्यूआय ही जोडणी-तंत्राची संशोधन संस्थाही आहे. परंतु ‘फक्त’ हा शब्द चुकीचा आहे. टेक्सासमधल्या लॉन्गव्ह्यू येथील लेटर्नो विद्यापीठात हाच विषय ‘मटेरियल्स जॉइनिंग’ या नावाने शिकवला जातो, तर इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठात तो पदव्युत्तर पातळीवर आहे. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत वेल्डिंग इंजिनिअरिंगचे एम.टेक. आहे, आणि त्याच शहरात भेलचा बॉयलर कारखाना व 1975 मध्ये सुरू झालेली वेल्डिंग संशोधन संस्था आहे. पुण्याच्या सीओईपीतून किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीतून धातुशास्त्राची वा यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन, एम.टेक. प्रवेशाची गेट परीक्षा देऊन तिरुचिरापल्लीला जाणे हा मार्ग संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. अठराव्या वर्षी इतक्या अरुंद विषयावर सर्व काही पणाला लावण्यापेक्षा मला तो अधिक शहाणपणाचा वाटतो.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. अमेरिकेत ‘वेल्डिंग इंजिनिअरिंग’ आणि ‘वेल्डिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ या दोन वेगळ्या पदव्या आहेत, आणि एबीईटी ही मानांकन संस्था त्यांची तपासणी दोन वेगळ्या आयोगांकडून करते. मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठाची पदवी दुसऱ्या प्रकारची आहे. ती कमी दर्जाची आहे असे मी मुळीच म्हणत नाही. प्रत्यक्ष कार्यशाळेतले काम, यंत्रमानव, साचे आणि उत्पादन यांत ज्याला रस आहे त्याला ती अधिक मानवेल. मात्र तिच्यात गणित व सैद्धांतिक भाग कमी असतो, आणि व्यावसायिक अभियंत्याचा परवाना देताना काही राज्ये या दोन पदव्यांत भेद करतात. देशादेशांनी एकमेकांच्या पदव्यांना मान्यता देण्याच्या ज्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये सदस्य झाला, तोही इंजिनिअरिंगच्या पदव्यांपुरताच आहे.

म्हणून नावापेक्षा अभ्यासक्रमाचे पान उघडून पाहावे. धातुशास्त्र, वेल्डिंगच्या प्रक्रिया, सांध्याची रचना आणि विनाविध्वंस चाचणी (सांधा न तोडता दोष शोधणे) हे चारही विषय तिथे स्वतंत्रपणे दिसले पाहिजेत. यांतल्या रचनेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या धक्क्यावर, शांत पाण्यात उभे असलेले स्केनेक्टडी हे नवेकोरे तेलवाहू जहाज जवळजवळ दुभंगले. सदोष सांधे हे एक कारण होतेच. पण थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, एका ठिकाणी एकवटलेला ताण आणि वेल्डिंगमुळे अखंड झालेला सांगाडा यांचाही त्यात वाटा होता. रिव्हेटच्या जहाजात पत्र्याच्या कडेशी अडणारी भेग अशा सांगाड्यात थांबत नाही. हे ज्या अभ्यासक्रमात शिकवले जात नाही, तिथून उत्तम वेल्डर बाहेर पडेल, अभियंता नव्हे.

संदेशासोबत जागतिक क्रमवारीची एक यादीही जोडलेली असते. संपूर्ण विद्यापीठाच्या क्रमांकावरून त्यातल्या एका लहानशा विभागाच्या प्रयोगशाळेबद्दल काहीच कळत नाही, एवढे म्हणणे पुरे.

तिसरा दावा निरीक्षक आणि अभियंता यांची गल्लत करतो. सीडब्ल्यूआय हे अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचे निरीक्षकाचे प्रमाणपत्र आहे. बॉयलरच्या पी-91 या क्रोमियमयुक्त मिश्र पोलादाच्या नळ्यांचे उदाहरण घ्या: जोडण्याआधी त्या साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवाव्या लागतात आणि नंतर सुमारे 760 अंशांवर ठराविक वेळ धरून ठेवाव्या लागतात. हे ठरल्याप्रमाणे झाले की नाही, ते निरीक्षक पाहतो. पण तापमान किती, इलेक्ट्रोड कोणता, आणि रात्रपाळीत वीज जाऊन ताप मध्येच उतरला तर त्या सांध्याचे काय करायचे, हे ठरवून डब्ल्यूपीएसवर, म्हणजे वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीवर, सही करणारा माणूस वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग अभियंता, म्हणजे आयडब्ल्यूई, या पात्रतेसाठी तर अभियांत्रिकीची पदवी आधीच हातात असावी लागते. तेव्हा प्रमाणपत्र हा पदवीला पर्याय आहे, हे म्हणणेच उलटे आहे.

नोकरीच्या दाव्याबाबत विद्यार्थी-व्हिसाचे नियम वाचावेत. पदवीनंतर 12 महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी 24 महिने काम करता येते. पुढचे सारे नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीवर अवलंबून असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नौदलाच्या पाणबुड्या बांधणाऱ्या गोद्या आणि संरक्षणाची कंत्राटे घेणारे कारखाने हे तिथे वेल्डिंग अभियंत्यांचे मोठे मालक आहेत, आणि तिथल्या बऱ्याच जागांना अमेरिकी नागरिकत्व लागते. विभागाला पत्र लिहून, गेल्या तुकडीतल्या परदेशी विद्यार्थ्यांपैकी कितींना आणि कोणत्या उद्योगात नोकरी मिळाली, एवढे शुल्क भरण्याआधी अवश्य विचारावे.