मणी हरवू द्या की!

नर्सरीतल्या पोराच्या दप्तरातून १ ते १०० लिहून भरलेली वही निघाली की आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आया खूश होतात. मला धडकी भरते. लेकरू शंभरपर्यंत घडाघडा म्हणतं आणि 'पाच चिंचोके दे' म्हटलं की मूठभर आणून हातावर ठेवतं.

संध्याकाळी माझ्याकडे गल्लीतली मुलं जमतात. परवा सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. सारख्या ना? हो. मग त्यांच्या देखतच खालची ओळ जरा पसरवली. 'आता खालचे जास्त!' पाच वर्षांचा एक शहाणा म्हणाला. 'मोजायचं कशाला, दिसतंय की!' पियाजे या बालमानसशास्त्रज्ञानं हे केव्हाच सांगून ठेवलंय, या वयात डोळा लांबीला फसतो. रागावून काय होणार? मांडू दे, मोडू दे. एक दिवस तोच आपल्याला वेड्यात काढेल.

दुसरीत ३२ वजा १५. 'दोनातून पाच जात नाहीत, हातचा घे.' कुठून घे, ते कुणी सांगत नाही. आम्ही आइस्क्रीमच्या काड्या घेतो. दहा-दहाचे तीन गठ्ठे, दोन सुट्या. पाच सुट्या मागितल्या की पोरगी अडते, माझ्याकडे बघते (मी मुद्दाम खिडकीबाहेर बघते) आणि शेवटी एका गठ्ठ्याचं रबर काढते. सुट्या झाल्या बारा. त्यातल्या पाच दिल्या, एक गठ्ठा दिला, उरल्या सतरा. पाटी-पेन्सिल त्यानंतर. पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल माझं भांडण नाही.

वस्तू हातात देऊन शिकवणं हे नवीन फॅड म्हणावं तर १९२० साली शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं, आपल्या ताराबाई मोडकांनी तिथेच त्यांच्याबरोबर काम केलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनंही ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' ही खेळातून शिकायच्या साहित्याची पेटी आणली. साहित्याला तोटा नाही. पण ते बाईंच्या हातात आणि मुलं हाताची घडी घालून! एका शाळेत तर मण्यांची पेटी कुलपात पाहिली. का, तर मणी हरवतात. अहो, हरवू द्या की!

आणि आई-बाबांनो, महागडं किट नको. खंडेराव मार्केटला पोराला बरोबर न्या, पाव किलोच्या किती पिशव्या म्हणजे एक किलो ते त्यालाच उचलून बघू दे. फक्त घरात तीन वर्षांखालचं पोर असेल तर चिंचोके नकोत, सरळ तोंडात जातात. बटाटे घ्या.