सीमांत हंडा

आमच्या गल्लीत नळाचं पाणी वारावर येत नाही, तिथीवर येत नाही, अफवेवर येतं. "आज रात्री दोनला सोडणारेत म्हणे," असं कुणीतरी म्हणतं आणि लातूरचा आमचा अख्खा कोपरा पँटी दुमडून जागा राहतो. मी कॉलेजात सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतो. घरी माझ्याकडं एकच खातं आहे, पाणीपुरवठा, आणि तिथं मी शिपाई आहे.

परवा वर्गात पाणी आणि हिरा घेतला. पाण्यावाचून जीव जातो तरी ते जवळजवळ फुकट, हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही तरी त्याचा भाव आभाळात. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली हे कोडं मांडलं. नीट उत्तर निघायला १८७० चं दशक उजाडलं. भाव ठरतो तो सगळ्या पाण्याच्या उपयोगावर नाही, शेवटच्या हंड्याच्या उपयोगावर. त्यालाच सीमांत उपयोगिता म्हणायचं. पाणी रग्गड असलं की शेवटच्या हंड्याला कोण विचारतो? जेवताना हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या स्मिथांना म्हणावं, नवव्या दिवशी या."

तिला पुस्तक लागत नाही. पाणी आलं की पहिला हंडा प्यायचा, दुसरा स्वयंपाकाचा, मग आंघोळी, धुणं, तुळस आणि उरलंच तर माझी स्कूटर. सहाव्या दिवसापासून ही यादी खालून कापली जाते. आधी स्कूटर जाते, मग माझी आंघोळ, मग तुळस. क्रम पाहून माझी सीमांत उपयोगिता ज्यानं त्यानं ओळखावी.

(२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा लोकांनी पाण्याचे फोटो काढले. हिऱ्याचं कोडं आमच्याकडं तेव्हाच सुटलं होतं.)

अफवा खोटी निघाली की टँकर. ज्या गरजेच्या वस्तूला पर्याय नाही तिची मागणी अलवचिक असते, भाव वाढला तरी फारशी घटत नाही, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय. टँकरवाला फळ्याच्या वाटेला जात नाही. तो अंगणात येतो, आमच्या टिपाडाला टिचकी मारतो. टण्ण वाजलं की भाव दीडशेनं वर. मी एकदा घासाघीस केली.

"सर, परवडत नसंल तर राहू द्या. म्होरच्या गल्लीत लोकं वाट बगूलालेत."

गिऱ्हाईक जेवढे द्यायला तयार असतं आणि प्रत्यक्षात जेवढे देतं, त्यातल्या फरकाला पुस्तकात 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' असं भारदस्त नाव आहे. माझं सगळं संतोषाधिक्य त्या एका टिचकीत जातं. तेव्हापासून तो यायच्या आधी मी टिपाडात जुन्या गाद्या कोंबून ठेवतो, म्हणजे आवाज बद्द येतो. परवा त्यानं टिचकी मारली, आत डोकावला आणि दोनशेनं भाव वाढवला.

पण खरी परीक्षा मोटारीची. दाब इतका कमी की सगळ्यांचे नळ दोन-दोन फूट खड्ड्यात उतरवलेले. आधी नुसती फुसफुस, मग तांबूस पाणी, मग करंगळीएवढी धार. कुणीच मोटार लावली नाही तर धार सगळ्यांना सारखी. एकानं लावली तर त्याची टाकी भरते आणि बाकीच्यांचे नळ उचक्या देतात. सगळ्यांनीच लावली तर पुन्हा करंगळीच, वर विजेचं बिल. गणितज्ञ अल्बर्ट टकर यांनी १९५० साली अशाच पेचासाठी दोन कैद्यांची गोष्ट रचली: दोघंही गप्प राहिले तर दोघांचं भलं, पण जो तो आपलंच बघतो आणि दोघंही अडकतात. आमच्या गल्लीत बावीस कैदी आहेत.

गणपतीत माझ्याच अध्यक्षतेखाली ठराव झाला, मोटार कुणीही लावायची नाही. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात आमच्या मोटारीवर गोणपाट आणि गोणपाटावर आईनं शिवलेली वाकळ चढली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "सर, ते घुर्र कशाचं हो?"

"फ्रिजचं, काकू."

"तरीच. आमचा फ्रिज बी रात्रीचाच वाजूलालाय."

काल रात्री पुन्हा दोनची अफवा होती आणि ती खरी निघाली. मी वाकळीखाली हात घालून बटण शोधत होतो, तेवढ्यात गल्लीतली लाइट गेली. पाण्याच्या वेळेला मुद्दाम घालवली की आपसूक गेली, देव जाणे. बाकीचे एकवीस फ्रिज एका दमात गप्प झाले. खड्ड्यातल्या नळानं दोन उचक्या दिल्या आणि करंगळीएवढी धार सुटली, सगळ्यांना सारखी! अंधारात घरोघरी हंडे वाजू लागले. काकू पलीकडून ओरडल्या, "सर, पानी येऊलालंय बगा!" मला तर वर्गात टकर शिकवायचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

दुसरा हंडा निम्मा झाला असेल, कोपऱ्यावरच्या बंगल्यात जनरेटर धडधडला. आमचा नळ पुन्हा उचक्या देऊ लागला.

बायको मोबाईलचा उजेड खड्ड्यावर धरून उभी होती. म्हणाली, "अहो, आपला इन्व्हर्टर मोटार ओढतो का?"