पदकाच्या कडेवर काय कोरलंय?

२६ जानेवारी जवळ आली की नाशिकमधल्या सोसायट्यांना, शाळांना आणि मंडळांना प्रमुख पाहुणा म्हणून माजी सैनिक हवा असतो. देवळाली कॅम्प आणि नाशिकरोड ही लष्करी ठाणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तो मिळतोही. मग सूत्रसंचालक परिचय वाचायला लागतो आणि कारगिलच्या वेळी गन पोझिशनवर, म्हणजे तोफांच्या जागी, राबलेला हवालदार एका वाक्यात टायगर हिलच्या कड्यावर चढतो. कधी ही करामत सूत्रसंचालकाची असते, कधी खुद्द फौजीसाहेबांची. कुणीतरी तारखांचा हिशेब मांडतो, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस जुंपते आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं: 'अमेरिकेत असल्यांना आत टाकतात, आपल्याकडेही तसा कायदा पाहिजे.'

माझ्यासारख्या अमेरिकेत राहणाऱ्याला हे वाक्य जरा गमतीचं वाटतं, कारण इथे तसा कायदा झाला आणि तो टिकला नाही. २००५ च्या कायद्यात न मिळालेलं पदक 'मिळालं' म्हणणं हाच गुन्हा होता. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेल्या झेवियर अल्वारेझ यांनी भर बैठकीत सांगितलं, की मी पंचवीस वर्षं मरीन सैनिक होतो आणि मला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालंय. आपल्याकडे जे स्थान परमवीर चक्राचं, तेच इथे ह्या पदकाचं. गृहस्थ सैन्यात एक दिवसही नव्हते. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये कोर्टाने कायदाच रद्द केला. नुसती थाप भाषणस्वातंत्र्याच्या बाहेर जात नाही, असा त्याचा अर्थ. २०१३ मध्ये नवा कायदा आला. त्यात ठरावीक पदकांची यादी आहे, आणि थाप मारून पैसा, मालमत्ता किंवा तसाच प्रत्यक्ष लाभ उकळण्याचा हेतू होता हे सिद्ध करावं लागतं. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. बारमध्ये बसून लढाईच्या गप्पा हाणणाऱ्याच्या वाटेला हा कायदा जात नाही.

आता आपल्याकडे बघा. खोटं सांगून लाभ घेणं ही फसवणूक आहे आणि तिचं कलम इंग्रजांच्या काळापासून आहे. आज ते भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. बनावट डिस्चार्ज बुक, म्हणजे सैनिकाला निवृत्तीवेळी मिळणारं नोंदपुस्तक, केलं तर खोट्या दस्तऐवजाची कलमं वेगळी. सैनिक नसताना लोकांनी सैनिक समजावं म्हणून गणवेश चढवला तर कलम १६८: तीन महिने कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे अमेरिकेने २०१३ मध्ये जे केलं, ते आपल्याकडे मुळातच आहे. नाही ते दुसरंच काहीतरी आहे.

इथे सेंट लुई शहरात लष्करी नोंदींचं एक मध्यवर्ती केंद्र आहे. फॉर्म १८० भरून किंवा साधं पत्र लिहून कुणीही तिथून माजी सैनिकाची मोजकी माहिती मागवू शकतो. त्याची संमती लागत नाही. नोकरीच्या तारखा, हुद्दा, कुठे-कुठे नेमणूक आणि कोणती पदकं एवढं मिळतं. वैद्यकीय नोंदी मिळत नाहीत, आणि सेवेतून कोणत्या शेऱ्यानिशी सोडलं हेही कळवत नाहीत. तोतयांचं 'माझी फाइल गुप्त आहे' हे पेटंट उत्तर ह्या कागदापुढे टिकत नाही. मोहीम गुप्त असू शकते, पण त्या माणसाचं प्रशिक्षण, हुद्दा आणि नोकरीची वर्षं नोंदलेली असतातच. अर्थात ही व्यवस्थाही अभेद्य नाही. १२ जुलै १९७३ ला त्या इमारतीला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी फाइली खाक झाल्या. १९१२ ते १९६० ह्या काळात आर्मीतून बाहेर पडलेल्यांच्या साधारण ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. म्हणून 'नोंद सापडत नाही' आणि 'माणूस खोटारडा' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

नाशिकची गंमत अशी, की तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पातच आहे. ज्याच्यावरून वाद पेटलाय त्या गनरची, म्हणजे तोफचीची, फाइल सोसायटीपासून रिक्षाच्या अंतरावर असू शकते, आणि तरी ती तुम्हाला बघता येत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला तर कलम ८(१)(ञ) आडवं येतं. नोकरीतल्या नोंदी ही वैयक्तिक माहिती आहे, असं आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच म्हटलं आहे. मागायचं असेल तर हे मागा: नोकरीची वर्षं, हुद्दा, युनिट आणि पदकं एवढ्या चार गोष्टी कुणालाही पडताळता याव्यात. कायदा नको, खिडकी हवी.

तोवर सत्कार समितीच्या हातात काय आहे? बरंच आहे. मंडपवाल्याकडून पक्कं बिल मागणारी समिती पाहुण्याच्या परिचयाबाबत मात्र ऐकीव माहितीवर भागवते. डिस्चार्ज बुकात सैनिक नंबर, हुद्दा, कोअर किंवा रेजिमेंट, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, निवृत्तीचं कारण आणि पदकं असतात. 'परिचय बिनचूक व्हावा म्हणून' त्याची झेरॉक्स आधीच मागावी. खऱ्या फौजीला त्याचा राग येत नाही, उलट तो फाइलच उघडून बसतो. कागद वाचता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसाला विचारावं. वीरचक्र, शौर्यचक्र असा दावा असेल तर तो भारताच्या राजपत्रात सापडलाच पाहिजे, आणि शौर्य पुरस्कारांची सरकारी वेबसाइटही आहे. मग साधं अंकगणित करावं: १९६० मध्ये जन्मलेला माणूस डिसेंबर १९७१ मध्ये अकरा वर्षांचा होता.

छातीवरची पदकंही बोलतात, मात्र ती वाचताना घाई नको. सरकारने दिलेल्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव असतं. पण अस्सल पदकं कपाटात ठेवून दुकानातून घेतलेला जोड लावणारे प्रामाणिक सैनिकही पुष्कळ, त्यामुळे कोरी कड हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पदकांची संख्या तर फारच फसवी. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्या प्रत्येकाला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक मिळालं. नऊ वर्षं, वीस वर्षं नोकरी झाली की त्याचीही पदकं आहेत. १९७१ चं संग्राम मेडल आघाडीवर न गेलेल्यांकडेही असतं. पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार पाहिला की युद्धक्षेत्रातली सेवा कळते. कारगिलच्या बाबतीत ऑपरेशन विजयचा स्टार आणि मेडल ह्यांत असाच फरक आहे. सेना मेडल शौर्यासाठी मिळतं तसंच विशिष्ट सेवेसाठीही मिळतं, आणि दोन्हींचं पदक एकच.

हुद्द्याचंही तेच. सुभेदार मेजर निवृत्तीच्या सुमारास ऑनररी कॅप्टन होऊ शकतो. गल्ली त्यांना 'कॅप्टनसाहेब' म्हणते, कागदावर 'ऑनररी' असतं, आणि परिचय लिहिणारा तो शब्द खाऊन टाकतो. मरून बेरेट, म्हणजे तपकिरी-लाल टोपी, ही पॅराशूट दलाची (पॅरा) खूण, पण प्रत्येक पॅरा स्पेशल फोर्सेसचा नसतो. बलिदान बॅज फक्त स्पेशल फोर्सेसवाल्यांचाच. बेळगावला कमांडो कोर्स केला म्हणून कुणी आयुष्यभर 'कमांडो' होत नाही, तरी तो कोर्स केलेला असतो, म्हणजे माणूस निव्वळ खोटंही बोलत नाही.

अमेरिकेतले काही स्वयंघोषित पहारेकरी ह्या बारकाव्यांत जात नाहीत. मॉलमध्ये गणवेशातला म्हातारा दिसला की मोबाइल समोर धरून जाब विचारायचा, व्हिडिओ टाकायचा. रिबन, म्हणजे पदकाऐवजी लावायची पट्टी, चुकीच्या क्रमाने लावली ह्यावरून खऱ्या सैनिकांची जाहीर शोभा झालेली आहे. अॅडमिरल जेरेमी बूर्डा साध्या खलाशापासून चढत अमेरिकी नौदलाच्या सर्वोच्च पदावर पोचले होते. दोन रिबनींवर लढाईचं सूचक 'व्ही' हे छोटं पितळी अक्षर लावण्याचा हक्क त्यांना होता का, ह्याची पत्रकार चौकशी करत असताना १६ मे १९९६ ला त्यांनी आयुष्य संपवलं. अक्षर योग्य की अयोग्य ह्यावर नौदलातच त्यानंतरही मतभेद राहिले. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकण्याआधी हे आठवलेलं बरं. शंका आली तर आधी त्या माणसाशी एकट्यात बोलावं. आर्थिक लाभाचा मामला असेल तर सरळ तक्रार करावी.

राहता राहिला आपला हवालदार. कारगिलमध्ये तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. १५५ मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो, आणि तो उचलायचा कुठे, तर चालतानाही धाप लागते अशा उंचीवर. शिखरं पायदळाने घेतली, पण द्रासमधल्या पॉइंट ५१४० ला सेनेने २०२२ मध्ये 'गन हिल' नाव दिलं ते तोफचींसाठी. माइकवर आपण विचारतो, 'काका, किती मारले?' गनरला ते दिसतच नाही. लक्ष्य कित्येक किलोमीटर दूर असतं. त्यापेक्षा विचारावं, तुमची तोफ कुठली होती, डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे तोफेवरच्या टोळीत, तुमचा नंबर कितवा, रात्रीत किती गोळे गेले, नळी तापल्यावर काय करायचात. ह्या प्रश्नांवर काका तासभर बोलतील, आणि त्यात टायगर हिलवर चढायची वेळ येणार नाही.