पाहुणे, आधी वाघ व्हा

ताडोबा आणि लोणारचं विवर बघायला सातासमुद्रापलीकडून आलात, आनंद आहे. पण खरी सफारी म्हणजे तालुक्याच्या गावी, बसथांब्यासमोरचा हायवे पायी ओलांडणं, आणि तिला बुकिंगही लागत नाही.

तुमच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालत असतील, तर मान आपसूक आधी डावीकडे वळेल. इथे आधी उजवीकडे पाहायचं. हा झाला कायदा. लांबचा यू-टर्न वाचवायला उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल, तिच्यावर तिघं आणि मधल्याच्या पाठीवर फवारणीचा पंप, ही मात्र डावीकडून येते. ती हॉर्न वाजवत नाही, कारण चूक आपली आहे हे तिला ठाऊक असतं.

थोडा हिशेब करा. दोन लेन म्हणजे 7 मीटर, साध्या चालीनं 6 सेकंद. ताशी 60 किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्यात 100 मीटर कापते. गाडी याहून बरीच लांब असेल तरच पाऊल टाका. ट्रकनं डिप्पर मारला, की ‘या, निघा’ असं समजून हात हलवत निघू नका. त्याचा इथला अर्थ: मी थांबत नाही, तुमचं तुम्ही पाहा. उजवा इंडिकेटर लागलेला असेल तर ट्रक उजवीकडे वळणार आहे, किंवा मागच्याला ‘काढ गाडी’ म्हणतोय, किंवा तो हिंगणघाटपासून लागलेलाच आहे.

झेब्रा क्रॉसिंग दिसलं तर नशीब समजा. तिथे थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असं नियमात आहे. ऑटोवाले नियम पाळतात. थांबतात. पट्ट्यांवरच थांबतात, सवारी भरेपर्यंत.

एसटीतून उतरलात तर बसच्या पुढून पळू नका. बसला ओव्हरटेक करणाऱ्या काळीपिवळीला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला ती दिसत नाही, आणि दोघांची गाठ मधल्या रेषेवर पडते. बस जाऊ द्या. गावकरी पुढूनच जातील. त्यांचं ऐकू नका, घाई त्यांनाच आहे.

ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं, त्यामुळे दोन्हीकडची वाहतूक उरलेल्या अर्ध्यातून जाते. ढिगाच्या कडेला सुरक्षित उभं राहता येतं, पण दाण्यावर पाय देऊ नका. ट्रक एकवेळ माफ करील. दिवाळीनंतर कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडे निघतात. भर दोन्ही बाजूंनी फुगलेला, चालकाला मागचं काही दिसत नाही, टेपवर गाणं जोरात. ट्रॅक्टर गेला की लगेच निघू नका, मागे दुसरी ट्रॉली जोडलेली असू शकते. वळणावर ती आतल्या बाजूला कापते, म्हणून कोपऱ्यापासून चार पावलं मागेच राहा.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे डोक्यावर गाठोडं घेतलेली आजी. तिच्या डाव्या हाताला चाला, दुभाजक आला की बाजू बदला. धावू नका, मधूनच मागे फिरू नका. चालकानं तुमच्या चालीचा अंदाज बांधलेला असतो. आजी ‘चाल ना बापा’ म्हणेल, ते मनावर घ्या. आजी नसेल तर गाय. पावसाळ्यात ती कोरड्या डांबरावर बसते आणि तिच्यासाठी ब्रेक लागतो.

याहून पक्की सोय हवी असेल तर वाघ व्हा. नागपूरच्या उत्तरेला 44 नंबरच्या महामार्गावर, पेंचच्या जंगलात, वन्यप्राण्यांना खालून जायला 9 मार्ग बांधलेत. वाघ त्यातून शिस्तीत जातात, कॅमेऱ्यात फोटोही येतात. आमच्या शाळकरी पोरांना दुभाजकातलं भगदाड आहे, तेही पानठेलेवाल्यानं गिऱ्हाइकासाठी पाडलेलं.

रात्री शक्यतो ओलांडूच नका. एकच दिवा येताना दिसला तर ती मोटारसायकल असेलच असं नाही. एक दिवा फुटलेला ट्रॅक्टर असतो, आणि दिवा नेमका कोणत्या बाजूचा उरलाय ते जवळ आल्यावरच कळतं. बैलबंडीला तर तोही नसतो. जावंच लागलं तर मोबाइलचा टॉर्च जमिनीकडे धरा आणि अंगात पांढरं घाला. सेवाग्रामहून घेतलेला खादीचा सदरा चालेल.